खणायला येऊ का?

मागच्या अंकात उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जाता येतं असं एका ओळीत लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. आणि ज्यांनी फक्त "सोनं सापडतं का हो?" एवढंच विचारलंय त्यांना आधीच सांगून टाकते, नाही. म्हणजे कधीतरी कुणालातरी सापडतं, पण मला इतक्या वर्षांत सापडलेली सगळ्यात चकचकीत वस्तू म्हणजे आधीच्या सीझनला कुणाचं तरी पडलेलं मनगटी घड्याळ, तेही बंद.

ताई, मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहास शाळेतच सुटला. पण उत्खननाचं वेड आहे. डिग्री नसताना घेतात का? आणि घेतलं तर खरंच काही शिकवतात की नुसती घमेली उचलायला लावतात?

घेतात. बऱ्याच प्रकल्पांना माणसं हवीच असतात आणि ते डिग्री विचारत नाहीत, वय आणि तब्येत विचारतात. इंग्लंडमध्ये सटन हू इथं १९३९ साली जमिनीखाली पुरलेलं अँग्लो-सॅक्सन जहाज ज्यानं शोधून काढलं तो बेसिल ब्राऊन शेतकऱ्याचा मुलगा होता, पुरातत्त्व स्वतःचं स्वतः शिकलेला. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकीकडे पण पदवी नव्हती, आणि तिनं १९५९ मध्ये आजच्या टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत साधारण साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवसदृश जीवाची कवटी शोधली. त्यामुळे ती काळजी सोड. फक्त डिग्री लागत नाही म्हणजे शिकावं लागत नाही असं मात्र समजू नकोस.

घमेली उचलावी लागतात, हो, खूप उचलावी लागतात, निघालेली माती कुठेतरी गेलीच पाहिजे ना. कुदळ-फावडं असतं ते वरचा विस्कटलेला थर काढायला, त्यानंतरचं बहुतेक काम ट्रॉवेलनं. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण समज, चारेक इंचांचं टोकदार पातं. नवीन मुलं ती सुरीसारखी खुपसतात आणि तिथेच पहिला ओरडा खातात. टोक खुपसायचं नाही, पात्याची धार जमिनीवर आडवी टेकवून आपल्याकडे ओढायची, एका वेळी काही मिलिमीटरच माती निघाली पाहिजे, आणि मागे मागे सरकत जायचं, नाहीतर आत्ताच साफ केलेल्या जागेवर आपलाच गुडघा पडतो. आणि कान उघडे ठेव. घट्ट चोपलेल्या जमिनीवर पातं वेगळं वाजतं, भुसभुशीत भरावात वेगळं, मला स्वतःला रंगातला फरक दिसायच्या आधी बऱ्याचदा तो ऐकू येतो.

खरं शिक्षण मात्र कागदावर होतं. मातीचा प्रत्येक वेगळा थर, प्रत्येक खड्डा, प्रत्येक भिंत याला एक नंबर मिळतो, त्याला साइटवर कॉन्टेक्स्ट म्हणतात, आणि प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा. रंग काय, पोत काय, त्यात कोळसा आहे की चुनखडीचे खडे, त्याच्यावर कोण आहे आणि खाली कोण. पोत बघायला चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळायची, खरखरली तर वाळू जास्त, गुळगुळीत लागली तर गाळ, आणि वळून न तुटणारी बारीक वळी झाली तर चिकणमाती. रंगासाठी मन्सेलचा तक्ता असतो, अल्बर्ट मन्सेल हा चित्रकला शिकवणारा माणूस, त्यानं रंग नंबरात सांगायची पद्धत काढली. म्हणजे "गडद तपकिरी वाटतंय" असं न लिहिता "टेन वायआर फोर बाय थ्री" लिहायचं, कारण तुझं गडद आणि माझं गडद एक नसतं आणि दुपारच्या उन्हात तर कुणाचंच नसतं.

अजून एक, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं म्हणून सांगते. साइटवर रोजंदारीवर काम करणारी जी अनुभवी माणसं असतात त्यांच्या शेजारी बस. इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं १८९३-९४ च्या सुमारास कुफ्त गावातल्या लोकांना शिकवून तयार केलं, त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून हे काम करतात आणि कुशल खणणारे म्हणून तिथे "कुफ्ती" हाच शब्द रुळलाय. कच्च्या विटेची भिंत आणि तिच्यावर ढासळलेली तीच माती, यातला फरक मला पुस्तकानं नाही, अशाच एका माणसानं दाखवला, बोटानं रेघ मारून, एक शब्द न बोलता.

वय ६३. आयुष्यभर ही इच्छा मनात राहिली, आता वेळ आहे पण गुडघे गेलेत. माझ्यासारख्याला काही काम असतं का, की उगाच अडगळ होईन?

काका, अडगळ कसली, खड्ड्यातल्या माणसाइतकीच माणसं खड्ड्याबाहेर लागतात आणि तिथेच कायम कमी पडतात, कारण सगळ्यांना खणायचं असतं. खापरं धुणं, चाळणं, नंबर घालणं, नोंदी, वजनं, चित्रं काढणं, हे सगळं खुर्चीत बसून होतं.

धुणं सोपं वाटतं, पण ते नीट समजून घ्या. एका कॉन्टेक्स्टची खापरं एका वेळी एका टबात, दोन पिशव्या एकत्र झाल्या की दोन्ही वाया. टूथब्रशनं हलक्या हातानं घासायचं, तुटलेल्या कडा पण, कारण मडक्याच्या मातीत काय मिसळलंय ते कडेवरच दिसतं. मग सावलीत वाळवायचं, लेबलासकट. काय धुवायचं नाही ते तर पाठच करा, धातू नाही, कोळसा नाही, रंगवलेला गिलावा नाही, भुगा होणारं हाड नाही, आणि आतून काही चिकटलंय असं वाटणारं खापर पण नाही, कारण मडक्यात शिजलेल्या पदार्थांची चरबी मातीच्या छिद्रांत मुरलेली असते आणि प्रयोगशाळेत ती ओळखता येते. मी सुरुवातीला एकदा मातीचा गोळा मातीच आहे म्हणून टबात टाकला. ती न भाजलेली मुद्रा होती, म्हणजे गाठीवर दाबून ठसा उमटवलेली चिकणमाती. डोळ्यासमोर विरघळली. अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

तुम्हाला जमलं तर फ्लोटेशनवर बसा, माझ्या मते साइटवरचं सगळ्यात मजेचं काम ते आहे. मातीचं सॅम्पल पाण्याच्या टाकीत सोडायचं, हलवायचं, जळून कोळसा झालेलं बी, धान्य, लाकडाचे कण हलके म्हणून वर तरंगतात आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर बारीक जाळीत येतात, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक जाळी असते. जड खडे, मणी, माशांची हाडं खाली दुसऱ्या जाळीवर बसतात. खणणाऱ्याला आयुष्यात डोळ्यांनी दिसलं नसतं ते तुमच्या जाळीत येतं. लोक काय पेरत होते, काय जाळत होते, हे सोन्याच्या मुकुटावरून कळत नाही, या काळ्या ठिपक्यांवरून कळतं.

आणि चाळताना "हा कचरा असेल" हे वाक्य मनात आलं की थांबा. इंग्लंडच्या उत्तरेत विंडोलँडा नावाचा रोमन किल्ला आहे, तिथे १९७३ मध्ये रॉबिन बर्ली खणत असताना लाकडाच्या पातळ चिपाट्या निघाल्या, सुताराच्या रंध्यातून पडतात तशा. दोन चिपाट्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्या सोडवल्या तर आत शाईनं लिहिलेलं. हवा लागल्यावर अक्षरं दिसेनाशी झाली, पुढे इन्फ्रारेड फोटो काढून वाचली. त्यातलं एक वाढदिवसाचं आमंत्रण आहे, एका अधिकाऱ्याच्या बायकोनं दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला पाठवलेलं, साधारण इसवी सन १०० च्या आसपासचं. आता ती चिपाटी कुणी फेकून दिली असती तर कुणाला कळलं पण नसतं काय गेलं ते. विंडोलँडाला आजही स्वयंसेवक घेतात, बरं का.

मागच्या वर्षी एका साइटवर चौथ्या दिवशी मला सुंदर निळा मणी दिसला. मी अलगद काढला, पुसला आणि पळत जाऊन डायरेक्टरना दाखवला. शाबासकी सोडाच, सगळ्यांसमोर इतकं बोलले की रडूच आलं. माझं नक्की काय चुकलं?

सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, ते त्यांचं चुकलं. पहिल्या दिवशीच नीट सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. पण राग का आला ते ऐक, कारण बाकी सगळं एक वेळ विसरलीस तरी चालेल पण हे विसरू नकोस.

तू मणी आणलास, जागा तिथेच राहिली. आणि आपल्याला मण्यापेक्षा जागा जास्त हवी असते. समज, एका घराची जमीन आहे, चोपलेली, सारवलेली. दोनशे वर्षांनी दुसरंच कुणीतरी त्याच जागी कचऱ्यासाठी खड्डा खणतं, जुनी जमीन फोडून खाली जातं आणि त्यात आपल्या काळातल्या वस्तू टाकतं. आज तू खणतेस तर नवीन मणी जुन्या जमिनीच्याही खाली सापडतो. खोली मोजून कुणी म्हणेल हा मणी घराच्याही आधीचा, आणि सपशेल चुकेल. खड्ड्याची कड, म्हणजे त्या मातीच्या रंगातली जेमतेम बोटभर रेघ, ती दिसली तरच खरं कळतं. मणी त्या रेघेच्या आत होता का बाहेर? आता ते कुणीच सांगू शकत नाही, तू पण नाही.

आणि एका मण्यावरून आख्खा थर हलतो. नियम साधा आहे, थर हा त्यातल्या सगळ्यात नवीन वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही. थरात शंभर जुनी खापरं आणि एकच नंतरच्या राजाचं नाणं असेल तर नाणं जिंकतं, शंभर खापरं हरतात. अर्थात नाणं खरंच त्या थरातलं असेल तर, उंदराच्या बिळातून खाली घसरलेलं नसेल तर. म्हणून तर वस्तू दिसली की हात मागे. ओढून काढायची नाही, आजूबाजूची माती समपातळीत आणायची, सुपरवायझरला हाक मारायची, मग फोटो, मग टेपनं नाहीतर टोटल स्टेशननं, म्हणजे तिपाईवरच्या मोजणी यंत्रानं, जागेची मोजणी, मग पिशवी, पिशवीच्या आत एक लेबल आणि बाहेर एक. एवढं सगळं होईपर्यंत मणी कुठे जात नाही, तो हजारो वर्षं तिथेच बसलाय.

उत्खनन म्हणजे विणलेला स्वेटर कसा विणलाय ते कळण्यासाठी उसवत जाणं. शेवटी हातात लोकरीचा गुंडा राहतो आणि तू लिहून ठेवलेले टाके. टाके लिहिले नसतील तर नुसती लोकर. हाइनरिक श्लीमननं १८७० नंतर ट्रॉयच्या टेकाडात मधोमध प्रचंड चर मारला, त्याला होमरच्या महाकाव्यातलं शहर हवं होतं, ते तळाशी असणार असं धरून तो वरचे थर भराभर काढून फेकत गेला, तळाशी जे सापडलं ते खरं ट्रॉय म्हणून जाहीर पण केलं. नंतर कळलं की तो थर त्या कथेच्या काळाच्या हजारेक वर्षं आधीचा आहे, आणि त्याला जे हवं होतं त्याचा बराच भाग त्यानंच उडवून टाकलेला. आजही ते चर तिथे आहे. पुढे मॉर्टिमर व्हीलर आणि कॅथलीन केन्यन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी चौकोन पाडून, चौकोनांच्या मधे मातीच्या उभ्या भिंती न खणता ठेवून थर वाचायची शिस्त बसवली, व्हीलर १९४५ मध्ये पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला आणि १९४६ मध्ये हडप्पाला असंच खणत होता. १९७३ मध्ये एडवर्ड हॅरिसनं कुठला थर आधी आणि कुठला नंतर हे एका आकृतीत मांडायची पद्धत काढली, तुमच्या साइटवरच्या तंबूत चौकोन आणि रेघांचा तो मोठा कागद बघितला असशील, तोच.

तेव्हा परत जा. आणि पहिल्याच दिवशी सांग की मागच्या वेळी माझ्याकडून असं झालं होतं. चांगला डायरेक्टर हसेल आणि स्वतःची याहून मोठी चूक सांगेल, सगळ्यांच्या असतात.

दहा दिवस झाले, माझ्या चौकोनात नुसती माती. शेजारच्या चौकोनात भिंत, चूल, खापरांचा ढीग. जागा बदलून मागू का?

मागू नका. वैताग येतो, मान्य, शेजारी सगळे फोटो काढतायत आणि आपण आपली माती खरवडतोय. पण "इथे काही नाही" हे सुद्धा नकाशावर लागतं, वस्ती कुठे संपली ते तुमच्याच चौकोनावरून कळणार.

शिवाय खरंच काही नाहीये का? वर सटन हूचं जहाज म्हणाले ना, साधारण २७ मीटर लांब, त्याचं लाकूड आम्लधर्मी मातीत पूर्ण गेलेलं होतं. उरले होते ते गंजलेले खिळे, ओळीत, आणि वाळूवर पडलेला फळ्यांचा डाग. ब्राऊननं खिळे जागचे हलवले नाहीत, आतली वाळू काढत गेला आणि लाकूड नसलेलं जहाज उभं राहिलं. पॉम्पेईत तर त्याहून गंमत, १८६३ मध्ये तिथलं उत्खनन बघणाऱ्या फिओरेल्लीनं ज्वालामुखीच्या राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि त्या पोकळ्या माणसांच्या निघाल्या. तुमच्या चौकोनात मातीचा रंग कुठे गोलाकार बदलतोय का ते बघा, वीतभर व्यासाचे गडद गोल, ओळीनं असतील तर ते कुजून गेलेल्या खांबांचे खळगे. सकाळी लवकर किंवा माती थोडी ओली असताना जास्त स्पष्ट दिसतात, वरून जरा पाणी फवारून बघा, आणि भर दुपारी शोधायला जाऊ नका, डोळे फुटतील पण दिसणार नाही.

काम आपण करायचं आणि वर फी पण आपणच भरायची, हे काय लॉजिक?

फी सगळीकडे नसते. जिथे असते तिथे बहुतेक वेळा राहणं, शिकवणं, इन्शुरन्स, आणि खणून झाल्यावरची कामं यात जाते, एका महिन्याच्या खणण्यामागे कित्येक महिन्यांची धुणं-मोजणं-लिहिणं असतं आणि त्याला पैसे देणारा कुणी मिळत नाही. पण तुमची शंका अगदीच चूक नाही, नुसत्या फीवर चालणारी आणि काही न शिकवणारी ठिकाणं पण आहेत. पैसे भरायच्या आधी विचारा, परवाना कुणाच्या नावावर आहे, आधीच्या सीझनचा अहवाल कुठे छापलाय, सापडलेलं सामान शेवटी कुठे जातं, एका सुपरवायझरमागे किती जण, नोंदी ठेवायला शिकवणार का. अहवालाच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर सरळ नाही म्हणा. जाहिरातीत "खजिना" हा शब्द असेल तर प्रश्न विचारायची पण गरज नाही.

सांगाडा निघाला तर? मला भीती नाही वाटत, पण बरं पण वाटत नाही.

बरं वाटू नये हेच ठीक आहे. हाड माणसाचं असावं अशी शंका आली की काम थांबतं, सुपरवायझर येतो, आणि बहुतेक देशांत पुढे कुणाला कळवायचं ते कायद्यानं ठरलेलं असतं. अमेरिकेत १९९० पासून मूळ रहिवासी समाजांच्या अवशेषांसाठी वेगळा कायदाच आहे, त्यांच्या वंशजांना विचारावं लागतं. पुढचं काम लाकडी किंवा बांबूच्या काड्यांनी आणि मऊ ब्रशनं, कारण लोखंडानं हाडावर ओरखडे येतात. डीएनएसाठी नमुना घ्यायचा असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, नाहीतर प्रयोगशाळेत तुमचाच डीएनए सापडेल. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं जे अतिशय कठीण हाड असतं त्यात डीएनए सगळ्यात चांगला टिकतो, आणि दातांच्या एनॅमलवरून माणूस लहानपणी कुठल्या भागात राहिला त्याचा अंदाज लागतो, कारण ते लहानपणी तयार होतं आणि नंतर बदलत नाही.

तुम्हाला त्या खड्ड्यात उतरायचं नसेल तर तसं सांगा. कुणी जबरदस्ती करत नाही, आणि करत असेल तर ती साइट सोडा. मी स्वतः लहान मुलाच्या दफनावर काम करत नाही, कधीच केलं नाही, आणि त्याचं कारण पण कुणी विचारलं नाही.

एखादं साधं खापर आठवण म्हणून आणलं तर? आणि इन्स्टावर फोटो टाकले तर चालतं ना?

खापर नाही. अजिबात नाही, कचऱ्यातलं पण नाही, मोजणीत प्रत्येक तुकडा धरलेला असतो आणि जवळपास सगळ्या देशांत तो गुन्हा आहे. फोटो विचारून, आणि सीझन संपल्यावर, लोकेशन बंद करून. उघडं पडलेलं दफन किंवा धातूची वस्तू रात्री साइटवर एकटी असते, आणि मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे लोक इन्स्टा आपल्यापेक्षा बारकाईनं बघतात.

निघायचं ठरलंय. काय काय घेऊ?

मळलेले चालतील असे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोठी टोपी, गुडघ्याखाली ठेवायला फोमचा जाड तुकडा, भरपूर पाणी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना विचारून घे. ट्रॉवेल साइटवर मिळते, आवडलं तर पुढच्या वर्षी स्वतःची घे आणि त्यावर नाव कोर. चरात बसताना काठाला टेकून बसायचं नाही, काठावर उभं पण राहायचं नाही, आणि चर छातीइतका खोल असेल आणि बाजूंना आधार दिलेला नसेल तर कुणी कितीही सांगितलं तरी आत उतरायचं नाही. लिहायला पेन नको, पेन्सिल आण, ओल्या कागदावर शाई पसरते, पेन्सिल नाही पसरत. दोन आण, एक हमखास हरवते आणि चाळणीत सापडते.